चढाच्या अर्ध्यावर

मी बाक बोलतोय. हो, बाकच! लोखंडी पाय, लाकडी फळ्या आणि पोटात न मावणारा आनंद. आज सकाळी मला बघूनही कुणी माझ्यावर बसलं नाही, म्हणून मी एवढा खुशीत आहे. वेड लागलं नाही मला. थांबा, सांगतो.

वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. मला चढाच्या माथ्यावर, छान देखाव्यासमोर बसवायचं नगरपालिकेने ठरवलं होतं. पण मला नेणारा टेम्पो अर्ध्या चढावर बंद पडला. कामगार वैतागले आणि त्यांनी मला तिथेच सिमेंटात पक्कं करून टाकलं. तेही तोंड भिंतीकडे करून! माझ्या नशिबी देखावा म्हणजे गळका पाइप आणि कुणाचे तरी वाळत घातलेले मोजे. मी चांगलाच रुसलो होतो.

या चढाच्या पायथ्याशी एक आजी राहते आणि माथ्यावर तिची थोरली बहीण. दोघी फोनवरच भांडायच्या, कारण भेटणं होत नव्हतं. धाकटीचा मुलगा भारी मायाळू. पाणी उशाशी, औषध हातात, भाजी दारात. खुर्चीतून उठायला कारणच उरलं नाही आणि तिच्या मांड्यांतली ताकद गुपचूप पसार झाली.

डॉक्टरीणबाईंनी तिला दटावलं, "आजी, स्नायू वापरले नाहीत तर झिजतात. रोज चालायचं."

"चालेन हो! पण दम लागला तर टेकू कुठे? रस्त्यात?"

आणि मग तिला खिडकीतून मी दिसलो.

भिंत धरत धरत ती आली आणि धपकन बसली. फोन लावून ओरडली, "ताई, अर्ध्यावर आलेय मी! तू उतर!" ताई कठड्याला धरून उतरली. दोघी गळ्यात पडून रडल्या आणि डोळे पुसायच्या आत, कोण जास्त वाळलंय यावरून भांडायला लागल्या. मला काय गुदगुल्या झाल्या!

मग रोजचंच झालं. सुरुवातीला धाकटी उठताना माझी फळी दोन्ही हातांनी दाबायची. पुढे एकाच हाताने. एके दिवशी हात न लावता उठली आणि मोज्यांना वाकून नमस्कार केला.

अशात नगरपालिकेचा मुकादम आला. "हा बाक चुकून इथे बसलाय. वर न्यायचाय. उठा, आजी."

"आमच्यासकट उचल," ताई म्हणाली.

"अहो, वर देखावा आहे!"

"आणि वर पोचणार कोण? हा गेला तर मी परत खुर्चीत जाईन रे," धाकटी म्हणाली. माझे नटबोल्ट सैल झाले.

मुकादम चढ चढून आला होता, घामाने निथळत होता. "जरा सरका," म्हणाला आणि दोघींच्या मध्ये बसला. बराच वेळ बसला. मग कपाळ पुसत म्हणाला, "राहू दे इथेच. बरा आहे."

आणि आज सकाळी! ताई नेहमीसारखी माझ्यापाशी आली. धाकटी खालून आली, फुललेल्या श्वासाने.

"बस गं," ताई म्हणाली.

"इथे नाही. आज तुझ्या घरी बसते."

तिने माझ्या पाठीवर थाप मारली आणि दोघी वर निघाल्या, हातात हात घालून, भांडत.

तुमच्या गल्लीतही एखादा चढ असेल. तिथे माझा एखादा भाऊबंद बसवा, अगदी भिंतीकडे तोंड करून बसवलात तरी चालेल. मला आता वरून ताईच्या घरातलं हसू ऐकू येतंय. त्या उतरताना टेकतील का माझ्यावर? नाही टेकल्या तरी माझी काही तक्रार नाही.