फाटकाबाहेर थांबलेली जीप

मी एक जुनी जीप आहे. मित्रांनो, माझा हिरवा रंग आता जागोजागी उडालाय आणि छताच्या ताडपत्रीला रंगीबेरंगी ठिगळं आहेत. पण माझं इंजिन अजून शाबूत आहे, आणि मला तुम्हाला एका दुपारची गोष्ट सांगायची आहे.

नाशिककडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. कामथडीच्या गेनबाआबांनी मला घरी आणलं तेव्हा आळीतल्या बायकांनी माझ्या बॉनेटला हळदकुंकू वाहिलं. मग कितीतरी वर्षं मी नसरापूर ते वेल्हे वडाप केलं, म्हणजे वाटेतली माणसं घेत भाड्यानं फेऱ्या मारल्या. दुधाच्या किटल्या, तांदळाची पोती, कॉलेजची पोरं, माहेराला निघालेल्या लेकी, कधी एखादी शेळीसुद्धा. इंजिन बंद करून उभं राहणं मला कधी मानवलंच नाही.

माझं सगळ्यात लाडकं काम मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीतलं. आळीतली चार घरं डिझेलची वर्गणी काढायची आणि पोरांना कात्रजचं प्राणिसंग्रहालय दाखवायला न्यायची. हॉटेलातलं जेवण परवडणारं नव्हतं. म्हणून भाकरी, पिठलं, ठेचा आणि पाण्याचा कॅन घरूनच यायचा. दुपारी बाहेर येऊन सगळे माझ्या सावलीत जेवायचे. परतताना पोरं माकडांच्या नकला करायची, भांडायची, पेंगायची.

मी मात्र आत कधीच गेले नाही. गाड्या फाटकाबाहेरच थांबतात. आतून मोराची केका यायची, कधी डरकाळी, आणि मी तळमळायचे. कोण ओरडलं? कसा दिसतो तो?

आमच्या आळीत शिवानी नावाची मुलगी होती. वय सहा-सात, पायाला भिंगरी. आदल्या वर्षी पुण्यातल्या एका संग्रहालयात तिनं काचेच्या कपाटांना हात लावून लावून रखवालदाराला हैराण केलं होतं. तेव्हा तिची आई मंगल वैतागून म्हणाली होती, "परत हिला घिऊन कुठं म्हणून जायची न्हाई म्या!"

तरी त्या उन्हाळ्यात शिवानीची आजी साळूबाई हट्टाला पेटल्या. "पोरगी काय डब्यात घालून ठेवायची व्हय?" असं म्हणून त्या स्वतःच नातीला घेऊन माझ्यात येऊन बसल्या. मग मंगलही आली.

सकाळी सगळे प्राणिसंग्रहालयात गेले. गेनबाआबाही त्या दिवशी सोबत गेले. ऊन चढलं. आणि अचानक बाहेर पडणाऱ्या गर्दीतून शिवानी एकटीच आली! डोळे पुसत माझ्या मागच्या फळीवरून चढली, बाकाखाली पोत्यांवर आडवी झाली आणि हुंदके देता देता झोपून गेली.

थोड्याच वेळात मंगल धावत आली. केस सुटलेले, एका पायातली चप्पल गायब. "शिवानी! ए शिवाने!" तिनं माझ्या बॉनेटवर हात टेकला. तिनं पुढं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, शेजारच्या बसखाली वाकून पाहिलं. मागं, अगं मागं बघ! मित्रांनो, मला ओरडायचं होतं. पण किल्लीशिवाय मी काय करणार? मंगल पुन्हा फाटकाकडं पळाली. आत भोंग्यावरून शिवानीचं नाव पुकारलं जात होतं, आणि शिवानी माझ्या पोटात गाढ झोपली होती. इतकी असहाय मी घाटात बंद पडले तेव्हाही नव्हते.

शेवटी साळूबाई आल्या. पाय सुजल्यामुळं त्यांना शोधत फिरणं जमेना, म्हणून माझ्या मागच्या बाकावर टेकायला आल्या, आणि त्यांच्या पायाला नातीचा हात लागला.

"अगं माझी बाय!" त्यांनी अशी आरोळी ठोकली की सारं वाहनतळ गोळा झालं.

मंगल आली ती हात उगारूनच. साळूबाईंनी तो वरच्या वर धरला. "आधी इच्यार तर, का आली ती."

शिवानी म्हणाली, "मी हत्ती बघत हुते. तू सारखी ओढत हुतीस. चल वाघ, चल अस्वल, चल साप. मला हत्तीच बघायचा हुता."

मंगल लेकीसमोर खाली बसली. "एवढ्या लांब आलो, म्हणलं समदं बघून घ्यावं. परत कवा यायला मिळतंय?" आणि ती लेकीला कवटाळून रडली.

साळूबाई म्हणाल्या, "न्हाई बघितलं समदं तर काय बिघडतंय? चला, हत्तीपाशी बसू."

फाटकावरच्या माणसानं जुन्याच तिकिटावर त्यांना पुन्हा आत सोडलं. बंद व्हायची शिट्टी होईपर्यंत आजी, आई आणि लेक हत्तीसमोर बसून राहिल्या.

परतताना शिवानी कात्रजच्या बोगद्यापासून घरापर्यंत बोलत होती. तो सोंडेनं माती कशी उचलतो, पाठीवर कशी उधळतो, एक पाय हलका ठेवून कसा डुलतो, कानाच्या कडा कशा फाटक्या आहेत. माकडांच्या नकला थांबल्या, सगळी पोरं ऐकत राहिली. इतक्या वर्षांत त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा हत्ती पाहिला.

पुढं गेनबाआबांना नीट दिसेनासं झालं आणि मी गोठ्यामागं पडून राहिले. टायर बसले, कोंबड्या स्टिअरिंगवर झोपू लागल्या. जाणं महाग झालं, असं म्हणत लोक पोरांना मोबाईलवरच वाघ दाखवू लागले. प्राणिसंग्रहालय इतकं जवळ असून पोरं घरात, या विचारानं मला गंज चढण्यापेक्षा जास्त त्रास होई.

मग मागच्या दिवाळीत मंगलनं मला गोठ्यामागून काढून दुरुस्त करून घेतलं आणि गाडी शिकून लायसन काढलं.

"आबा, ह्यो गिअर पडंना!"

"पडंल. क्लच दाब पुरा." आबा शेजारी बसून नुसत्या आवाजावरून तिला शिकवत.

आज रविवार. मंगल आळीतल्या पोरांना पुण्यातल्या त्याच काचेच्या कपाटांच्या संग्रहालयात नेणार आहे. सगळं नाही, फक्त एकच दालन.

मित्रांनो, घरातली जुनी गाडी कोपऱ्यात टाकू नका. तिचं ऑईल बदला, टायरात हवा भरा. आणि लेकरांना कुठं न्याल, तर त्यांचा हात धरा, पण ओढू नका. ती जिथं थांबतील, तिथं तुम्हीही थोडं थांबा.

ती बघा, मंगल किल्ली घेऊन आली. ज्यांना यायचंय त्यांनी पटकन मागं बसून घ्या!