सिनेमासाठी सुकत पडलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे, आणि सिनेमा हा शब्द नुसता कानावर पडला तरी मला शिसारी येते. तुम्ही तंबूत बसून सिनेमे बघता, टाळ्या पिटता. खुशाल पिटा! पण सिनेमा बनायच्या आधी काय काय चालतं, ते मी माझ्या अंगावर भोगलं आहे.

माझा जन्म उरणच्या किनाऱ्यावरचा. बुधाजी सुतारांनी सागाच्या फळ्या एकीला एक जोडल्या, फटींत कापूस ठासला, वर राळ भरली आणि माशाच्या तेलाने मला न्हाऊ घातलं. मला न्यायला गव्हाणचा तुळशीराम आला होता, नव्या नवरीला, हौसाला, बरोबर घेऊन. "पान्यात ठेवशील तवर मरनार नाय ही," बुधाजी त्याला म्हणाले. आम्हा लाकडी होड्यांचं तसंच असतं. पाणी प्यायलं की फळ्या फुगून घट्ट बसतात, उन्हात पडलं की आटतात. गव्हाणातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

पुढे कित्येक वर्षं मी खाडीत राबले. तुळशीराम जाळं टाकी, हौसा कोळंबी नि बोयटं पाटीत भरून पनवेलच्या बाजाराला नेई. पावसाळ्यात मला काठावर ओढून माडाच्या झापांनी झाकत. नारळी पौर्णिमा आली की तेल, हिरवा रंग, हळदकुंकू. दर्याला अख्खा नारळ वाहिला की मी परत पाण्यात. "तुळशीरामाची होडी म्हंजे गावची नवरी," असं लोक म्हणत. ऐकून मी फुगत असे, खोटं कशाला बोलू?

मग त्रेसष्ट सालच्या नारळी पौर्णिमेला महादेव उगवला. हा पनवेलच्या मिठाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, पुण्याला सिनेमा शिकणारा. परीक्षेसाठी त्याला एक छोटा सिनेमा करायचा होता. मित्रांचं टोळकं घेऊन तो आला, बोटांचा चौकोन करून त्यातून त्याने मला न्याहाळलं आणि ओरडला, "हीच! तुळशीरामकाका, शूटिंग होईपर्यंत हिला पाण्यात घालू नका. हिचं रूप बदलता कामा नये. आणि नावाडी तुम्हीच व्हायचं!"

झालं! हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. तुळशीरामाला एक वाक्य मिळालं, "दर्या, माझी होडी मला परत दे!" ते तो उठता-बसता घोकू लागला. दाढी वाढवली, आरशात बघू लागला.

पौर्णिमेच्या त्याच दिवशी त्यांनी मुहूर्त केला. दर्यासाठी आणलेला नारळ महादेवने माझ्या टोकावर आपटून फोडला आणि खोबरं मित्रांत वाटलं. समोर कॅमेरासुद्धा नव्हता. भगवान नावाचा त्याचा मित्र चहाच्या खोक्याला पत्र्याचा डबा लावून एक डोळा मिटून उभा होता. शी! एवढ्यासाठी दर्याचा नारळ!

हौसाने करवंटीचे दोन्ही तुकडे उचलले. "समद्यांच्या होड्या गेल्या पान्यात. आमी काय खावाचा?"

"थोडे दिस गो," तुळशीराम म्हणाला. "नाव होईल आपला."

ते थोडे दिवस काही संपेनात. ही पोरं आज कॅमेरा मिळणार म्हणून नाचत, उद्या मिळत नाही म्हणून तोंड पाडून बसत. गोष्ट तर रोज बदले. आधी होडी बुडत होती, मग होडीचं कुणाशी तरी लग्न लागत होतं. हे सगळे वाद माझ्या पोटात बसून चालत. चिवडा सांडत, विड्या माझ्या फळीवर विझवत, आणि माझ्या आडोशाला जाऊन जे करत ते सांगायलाही मला किळस येते. काळ्या चिखलात मी उठून दिसत नाही म्हणून मला चुना फासला. मग चुना डोळ्यांवर येतो म्हणून काजळी फासली, आणि पुन्हा चुना. गावच्या नवरीचं त्यांनी भूत करून टाकलं.

आश्विनाचं ऊन तापलं. माझ्या फळ्या आटू लागल्या, राळ भुगा होऊन गळू लागली. हौसा दुसऱ्यांची मासळी विकून दमून यायची आणि ओली गोणपाटं माझ्यावर टाकायची. तुळशीराम ती काढून फेकी. "चुना धुऊन जाईल," म्हणे! दुसऱ्यांनी घाण केली त्याचा राग येतो. पण ज्याला सगळं कळतं त्यानेच असं वागावं, याची घृणा वाटते.

एका दुपारी माझी तळाची फळी कडाडून फाटली. महादेव धावत आला आणि आनंदाने टाळ्या वाजवू लागला. "अप्रतिम! आता खरी वाटते! अगदी मेलेली होडी!"

तुळशीरामाने माझ्यावरून हात फिरवला. त्याची बोटं फटीत गेली. नकळत त्याच्या तोंडून सवयीने ते वाक्य निघालं, "दर्या, माझी होडी..."

"दर्यानी कवा नेली?" हौसा मागून म्हणाली. "तुमीच सुकत घातलीत."

त्याने फेकलेलं गोणपाट उचललं आणि माझ्यावर पांघरलं. संध्याकाळी भरती आली तेव्हा दोघांनी मला ओढत खाडीत नेलं, पोटात दगड भरले आणि उथळ पाण्यात बुडवलं. मित्रांनो, ते पहिलं पाणी! चुना निघाला, काजळी निघाली, विड्यांची राख वाहून गेली.

सकाळी महादेव खराखुरा कॅमेरा घेऊन हजर. "काका, होडी कुठंय?"

"पानी पिते हाय," तुळशीराम म्हणाला. त्याने दाढी काढली होती.

"अहो, पण माझी परीक्षा! एवढी तयारी केली आपण!"

"ती बाहेर आली का ये. जाळा टाकताना काढ काय काढायचा तो."

महादेव पाय आपटत गेला. पुढे त्याने म्हणे एका बैलगाडीवर सिनेमा केला. त्या गाडीची मला दया येते.

माझ्या बाकी फटी मिटल्या. तळाची एक कधीच मिटली नाही. म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. एखाद्या वस्तूचं रूप आवडलं तर तिला नुसती बघण्यासाठी अडवून ठेवू नका. ती ज्यासाठी घडली ते काम तिला करू द्या. तुळशीरामाला हे आता सांगावं लागत नाही. मी खाडीत निघाले की त्याच एका फटीतून पाणी येतं, हौसा मुहूर्ताच्या नारळाची करवंटी त्याच्या हातात देते, आणि तो मुकाट्याने पाणी उपसत बसतो.