पांढरी पानं

पहिला दगड काचघराच्या छपरावर पडला, तेव्हा मीना गव्हाच्या रोपांवर रस चोळत होती. फुटलेली काच तिच्या खांद्यावरून घरंगळली आणि बाहेरून आरोळी उठली, "फोडा! एक काच ठेवू नका!"

तो आवाज तिने लगेच ओळखला. सहादूदादाचा होता.

नवरा गेल्यावर ज्या भावाने तिला चांदवडजवळच्या आपल्या घरी आणलं, चार लोकांना भेटून या गहू संशोधन केंद्रात कामाला लावलं, तोच आज माणसं घेऊन आला होता. गावात मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. केंद्रात गव्हाला मुद्दाम रोग लावतात आणि तोच वाऱ्यावर शेतात येतो, असं त्यात कुणीतरी छातीठोकपणे सांगत होतं. गेल्या वर्षी सहादूचा उभा गहू तांबेरा रोगाने गेला होता. व्हिडिओ पाहिल्यापासून तो भरल्या ताटावरून उठून जायचा.

त्यातलं सगळंच खोटं नव्हतं. रोग लावतच होते. केंद्रातल्या शास्त्रज्ञ योगिनी मॅडमनी मीनाला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं: झाडांना होणाऱ्या एका विषाणूत गव्हाच्याच एखाद्या जनुकाचा तुकडा बसवायचा आणि तो रस पानावर चोळायचा. रोप विषाणूशी झुंजायला उठतं आणि त्या झुंजीत स्वतःचा तो जनुकही गप्प करून टाकतं. मग त्याच्यावर तांबेरा सोडायचा. रोप कोसळलं, की समजायचं, हाच जनुक त्याला तांबेऱ्यापासून राखत होता. चोळणं नीट साधलंय की नाही हे कळावं म्हणून एका ट्रेमधल्या रोपांचा हिरवेपणा राखणारा जनुक गप्प केलेला असे. त्यांची पानं पांढरीफटक पडत. काचघरातलं काहीही बाहेर न्यायचं नाही, काम झालं की रोपं कोपऱ्यातल्या भट्टीत जाळायची, हा तिथला नियम होता.

दार मोडलं. सहादू आणि त्याच्यामागून दोघंजण आत घुसले. बाकीचे बाहेरून काचा फोडत होते. योगिनी मॅडम आडव्या आल्या.

"अहो, ऐका तरी! हा विषाणू माणसाला लागत नाही. तांबेरा वेगळा—"

बोलणं पुरं व्हायच्या आत एकाने त्यांच्या तोंडावर दांडकं हाणलं. मॅडम टेबलावर आदळल्या. त्यांच्या ओठातून रक्ताची धार लागली. दुसऱ्याने कुंड्यांची रांग लाथेने उडवली. मीना मॅडमकडे धावली, तर तिच्या पाठीत दांडकं बसलं. ती गुडघ्यावर आली.

"तिला नका मारू!" सहादू ओरडला. "बहीण हाय माझी." आणि तेवढ्यात त्याला तो ट्रे दिसला. तो जागीच थांबला. "आयला... हे बघा. रक्त शोषल्यावानी पांढरी केली रोपं. वेशीवर नेऊन ठेवतो. समद्या गावाला दिसू दे."

"पुढून पोलीस येतील," दुसरा म्हणाला. "मागल्या दारानं चल, गव्हातून."

मागच्या दारापलीकडे सहादूचाच गहू होता, कमरेला लागणारा, ओंब्या धरलेला. मीना धडपडत उठली आणि दारात उभी राहिली.

"दादा, ट्रे ठेव खाली. पानाला पान घासलं तरी लागतो ह्यो रोग. तुझ्याच गव्हातून नेतोयस तू."

"म्हंजी रोग हाय! कबूल केलंस ना?"

"हाय. म्हणून तर बाहेर नेऊ नको."

"तू त्यांचीच झालीस, मीने. सरक."

"नाय सरकणार."

सहादूने तिला दंडाला धरून भिंतीवर फेकलं. तिच्या कपाळावर खोक पडली. तो दाराबाहेर पाऊल टाकणार, एवढ्यात भिंतीला टेकवलेलं फावडं तिच्या हाताला लागलं. तिने ते त्याच्या खांद्यावर मारायला उचललं होतं. पण ट्रे सावरायला तो तिच्याकडे वळून वाकला आणि फावड्याची धार त्याच्या डाव्या डोळ्यात बसली.

सहादू किंचाळलासुद्धा नाही. चेहरा दोन्ही हातांनी धरून खाली बसला. बोटांच्या फटींतून रक्त पांढऱ्या पानांवर पडत राहिलं. बरोबरचे दोघं पुढच्या दाराने रस्त्याकडे पळाले.

मीनाने आधी ट्रे उचलला. भट्टीत टाकला, झाकण लावलं, आग पेटवली. मग ती भावाकडे गेली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. या क्रमाबद्दल विमलवहिनीने तिला पुढे कधी माफ केलं नाही.

नाशिकच्या दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला. अर्ध्या चेहऱ्याला पट्टी बांधलेला सहादू म्हणाला, "काच पडली."

"काच नाय, साहेब," शेजारी बसलेली मीना म्हणाली. "मी मारलं. फावड्यानं."

"तिला काय कळतंय? डोक्याला मार हाय तिच्या. काच पडली म्हनलो ना!" एवढं बोलून त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

योगिनी मॅडमच्या ओठाचे टाके निघाले, तेव्हा मीनाने त्यांना एकच विचारलं. "मॅडम, ट्रे गव्हातून गेला असता तर रोग लागलाच असता ना?"

मॅडम म्हणाल्या, "कोवळ्या रोपांना लागला असता. ओंबी धरलेल्या गव्हाला... लागलाच असता असं नाही सांगता येत, मीनाताई."

मीनाने मान हलवली. त्याच आठवड्यात ती नाशिकजवळ अंबडला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागली आणि तिथेच खोली घेतली.

गहू सोंगणीला आला तेव्हा ती सुट्टी काढून एसटीने गेली आणि बांधावर उभी राहिली. रान पिवळंधमक झालं होतं, कुठे डाग नव्हता. सहादू एक ओंबी तळहातावर चोळत होता. त्याने फुंकर मारून कोंडा उडवला आणि मान पार डावीकडे वळवून उजव्या डोळ्याने दाणे न्याहाळले. पलीकडे सोंगणाऱ्या विमलवहिनीने मीनाला पाहिलं, क्षणभर विळा थांबवला आणि पुन्हा सोंगायला लागली.

सहादूने तळहातावरचे दाणे तोंडात टाकले आणि चावत उभा राहिला. मीना त्याच्या डाव्या बाजूला होती, हाकेच्या अंतरावर. बांधावरून चार पावलं पुढे गेली असती, तर त्याला दिसली असती.

ती तिथेच उभी राहिली.