बांगड्याने वाढवलेले किलोमीटर

"पन्नास!" ऊर्जानंद बाबांनी विजेच्या स्कूटरच्या स्क्रीनवरचा उरलेल्या किलोमीटरांचा आकडा वाचला आणि डोळे मिटले. "ॐ विद्युल्लते, वर्धय वर्धय!" विभूतीने माखलेला पंजा हँडलच्या उजव्या मुठीवर ठेवून त्यांनी नंदीबैलासारखी मान डोलावली. "आता बघा!"

गर्दी स्क्रीनवर वाकली. अठ्ठ्याऐंशी!

"अगे आवशी गे! चार्जर नाय, वायर नाय, आणि अडतीस किलोमीटर वाढले!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

आचऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर, घाटीच्या पायथ्याशी गुरुदासचं बॅटरीच्या गाड्यांचं दुकान होतं. लहान मोटरच्या गाड्या त्याच्याकडे धूळ खात पडल्या होत्या. म्हणून त्याने हा बाबा आणला. गाडी घ्या, मुठीला बाबांचा 'किलोमीटरवर्धक' ताईत बांधा, की झालं! आज तिथे जत्रेसारखी गर्दी लोटली होती.

त्या गर्दीत देवबागची क्लॉडिया नवऱ्याबरोबर उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि तिची बदली आचऱ्याला झाली होती. देवबागहून जाऊन येऊन पासष्टेक किलोमीटर, आणि बसच्या वेळा जुळता जुळत नव्हत्या. दोन्ही वेळचा पल्ला आणि वाटेतली घाटी झेपणारी गाडी मिळाली तर ती रोज घरी येणार. नाहीतर आचऱ्यात खोली घ्यायची आणि पाच वर्षांच्या रियाला फक्त रविवारी भेटायचं.

नवरा नेल्सन मात्र बाबांवर लट्टू झाला होता.

"गो क्लॉडिया, हीच घेवया! अडीचशे वॅटची मोटर, लायसन नको, काय नको. आणि वर ताईत!"

"तू क्रिस्तांव मां रे? ताईत खंयसून इलो मधीच?"

"चर्चीत सायबिणीक मेणबत्ती लावतलंय, हेंका दक्षिणा देतलंय. दोन्ही बाजूंनी बरा!"

क्लॉडियाला हसू आवरेना. पण हसता हसता तिची नजर स्क्रीनवरच होती. तिने हात वर केला. "महाराज, किलोमीटर अठ्ठ्याऐंशी झाले, पण बॅटरी मघाशी सत्तर टक्के होती, आताही सत्तरच आहे. वाढलेली वीज गेली कुठे?"

"टक्केवारी ही माया आहे, बाई!" बाबा गरजले. "किलोमीटर हेच सत्य! मोठी मोटर, मोठी बॅटरी ही सगळी पाश्चात्त्यांची हाव. हत्तीला अंकुश हलवतो, वजन नव्हे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. याचा अर्थ काय, ते बाबांनाही ठाऊक नसावं.

पण क्लॉडियाने आणखी एक गोष्ट टिपली होती. मंत्राआधी स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक 'तीन' दिसत होता. मंत्रानंतर तिथे 'एक' आला होता. ती सरळ पुढे झाली, मुठीजवळ बोट नेलं, आणि आकडा धपकन पन्नासवर आला.

"अरे, कमी झाले! बाईन नाट लावल्यान!"

"थांबा, वाढयतंय." तिने पिशवीत हात घातला. सासूसाठी घेतलेला सुका बांगडा बाहेर काढला आणि मुठीवरून ओवाळला. "ॐ बांगडो, सुंगटां, तिसऱ्यो, वर्धय वर्धय!"

अठ्ठ्याऐंशी!

मग जो हशा उसळला! एक म्हातारा तर पोट धरून खाली बसला. "बाबानू, तुमचो ताईत रवांदे. माका बांगडोच द्या!"

"जादू माझी नाही आणि बांगड्याचीही नाही," क्लॉडियाने पंजाआड लपणारं बटण दाखवलं. "हे वेगाचं बटण. तीनवर गाडी जोरात धावते, वीज जास्त खाते, म्हणून स्क्रीन पन्नास सांगते. एकवर ती रमतगमत चालते, म्हणून अठ्ठ्याऐंशी. वीज तेवढीच. स्क्रीन नुसता अंदाज सांगते."

"मगे एकावरच चालवया!" नेल्सन अजून हटेना. "अठ्ठ्याऐंशी तर गावतत मां?"

प्रश्न रास्त होता. क्लॉडिया म्हणाली, "बरा. मगे एकावरच ही समोरची घाटी चढून दाखय. महाराजांक मागे घे."

बुडत्याला काडीचा आधार! बाबा कफनी सावरून मागे बसले. "मंत्रबळाने चढेल!"

गाडी निघाली. सपाटीवर ठीक चालली. चढ लागला तशी कण्हू लागली. मग रांगू लागली. अर्ध्या घाटीत ती थांबली आणि हळूहळू मागे यायला लागली. बाबांचं संस्कृत तिथेच गळून पडलं. "अरे ब्रेक मार मेल्या! ब्रेक मार!" एक चप्पल रस्त्यावर, दुसरी हातात अशा थाटात महाराज खाली उतरले आणि गाडी ढकलू लागले. खाली उभ्या गर्दीने "वर्धय वर्धय!" असा गजर केला. गुरुदास दुकानात शिरला तो बाहेर यायला तयार होईना.

नेल्सन घामाघूम होऊन परतला. "गो, माझां चुकला. खंयची घेवया सांग."

"कुणी सांगून नाय. आपल्या वाटेर, आपलां वजन घेवन, जाऊन येऊन चालवन बघूया."

दुसऱ्या दिवशी तिने दुसऱ्या दुकानातून तीन हजार वॅट मोटरची, मोठ्या बॅटरीची गाडी चालवून बघायला घेतली आणि दुपारी देवबागहून निघाली. हिला लागणारं लायसन तिच्याकडे होतंच. मागे नेल्सन. घाटीत तो ओरडला, "आकडो भराभर कमी होता गो!"

"होवकच व्हयो! चढतंव मां आपण! घाटीतय वाढणारो आकडो असात, तर समज कोणीतरी फसवता." गाडी न कण्हता वर पोचली. क्लॉडियाने आनंदाने उगाचच हॉर्न वाजवला.

बाबांनो, बायांनो, चमत्कार बघायला जरूर जमा, फुकटची करमणूक कोण सोडील? पण हात कुठे आहे ते बघा, आणि तुमच्या घाटीवर चढवून दाखवा म्हणा. खरं असेल ते चढेल.

सूर्य टेकायच्या आत दोघं देवबागला परतली. रिया धावत आली. "मम्मी, शाळेत गेलंस तरी रोज अशीच येतलंस?"

"येतलंय."

"शपथ घे!"

"शपथ कित्याक गो?" क्लॉडियाने तिला उचलून गाडीवर बसवलं. "जावन इलंय, तरी बॅटरी तीस टक्के उरली. वाच बघू."

रियाने बोट टेकवून वाचलं. "तीन... शून्य." आणि ती आईच्या गळ्यात पडली.