दोन निकालांची फाईल

मी एक फाईल बोलतेय. निळी, जाड पुठ्ठ्याची, कडेला रबराचा पट्टा असलेली. सध्या माझा मुक्काम कपाटाच्या माथ्यावर, एका बंद पडलेल्या पंख्याशेजारी. पंखा काही बोलत नाही, त्यामुळे बोलायची सगळी जबाबदारी माझ्यावर आली आहे.

माझ्या जन्माची हकिगत सगळ्या फायलींसारखीच. कापलं, दुमडलं, चिकटवलं, गठ्ठ्यात बांधलं. खरं आयुष्य सुरू झालं ते एका नवराबायकोने मला दुकानातून उचललं तेव्हा. त्याला काळी हवी होती. ती म्हणाली, "काळी फाईल म्हणजे कोर्टाचं काम वाटतं. आपण परदेशात चाललोय, कोर्टात नाही." तो हसला आणि मी त्यांच्या घरी आले.

तो वेल्डर. बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात चौदा वर्षं काढलेला. ती फिजिओथेरपिस्ट, म्हणजे आखडलेले सांधे आणि लुळे पडलेले हातपाय व्यायामाने पुन्हा चालते करणारी. घरी येईल त्याला ती ताठ बसायला लावायची, म्हणून तो तिला 'मास्तरीणबाई' म्हणायचा. घरातलं तिसरं माणूस म्हणजे त्याची आई. काठी टेकत चालायच्या, पण स्वतःच्या स्वतः चालायच्या. लेक-सून जाऊन स्थिरावले की मागून त्यांना बोलवायचं, असं ठरलं होतं.

परदेशी कायमचं कामाला जायचं तर आधी कौशल्याची तपासणी व्हावी लागते. सल्लागारबाईंनी मला टेबलावर उघडून दोघांना समजावलं.

"हे शाळेसारखंच आहे. वयाला गुण, शिक्षणाला गुण, भाषेला गुण, अनुभवाला गुण. यांना पाच गुण कमी पडतायत. पण बायकोचंही कौशल्य मान्य झालं तर दहा वाढतील. फक्त यांना चाळीस पूर्ण व्हायच्या आत सगळं उरका. नंतर वयाचे गुण घसरतात."

चाळिशीला नऊ महिने होते.

त्याचं काम सरळ झालं. कारखान्याचं पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, कामाचे फोटो माझ्या पोटात आले. मग प्रत्यक्ष परीक्षा झाली. परीक्षकाने दोन पाईप जोडायला दिले, जोड कापून भिंगातून पाहिला आणि विचारलं, "कुठे शिकलात?" हे त्याने घरी येऊन चार वेळा सांगितलं. महिनाभरात निकाल आला, कौशल्य मान्य. आईंनी तो कागद त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला. दुसऱ्यांदा तर नुसतं त्याचं नाव ऐकायला.

तिच्याकडे पदवी होती, हॉस्पिटलातल्या चार वर्षांचा दाखला होता. त्यानंतरची सहा वर्षं मात्र कोरी.

"शेवटच्या पाच वर्षांत निदान एक वर्ष पगारी काम लागतं," सल्लागारबाई म्हणाल्या. "तुम्ही या काळात काय करत होतात?"

"घरी होते. सासूबाई आजारी होत्या."

घरी आल्यावर तिने खणातून एक वही काढून माझ्यात ठेवली, तेव्हा कुठे मला बाकीचं कळलं. आईंना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवं अंग गेलं होतं. आता अंथरूण सुटणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि हिने नोकरी सोडली. वहीत रोजची नोंद होती. 'आज उजवा अंगठा हलला. आईंना पटत नाही, पण मी पाहिला.' 'आज चाळीस सेकंद उभ्या.' 'आज स्वतःच्या हाताने चमचा धरला. बरंच सांडलं. दोघी खूप हसलो.'

एका रविवारी तो एक करकरीत कागद घेऊन आला. कारखान्यातल्या मित्राच्या मेहुण्याचा दवाखाना होता. ही गेली दोन वर्षं तिथे कामाला आहे, असं त्या दवाखान्याच्या छापील कागदावर लिहिलं होतं.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"काम तर येतं ना तुला? मग कागद कुठलाही असो."

"मग आईंना चालतं कुणी केलं? या कागदाप्रमाणे मी तेव्हा दवाखान्यात होते."

"अगं, तिथे आईचं कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

त्याचा तोल सुटला. "माझी चाळिशी दारात आलीये आणि तू तत्त्वं सांग! सहा वर्षं घरीच तर बसली होतीस!"

काठीची टकटक थांबली. आई दारात उभ्या होत्या. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि आल्या तशा माघारी गेल्या. त्याने तो कागद फाडला. पण तोंडातून गेलेलं काही फाडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी सुनेकडे पेन आणि कागद मागितला. तासभर लागला त्यांना. ओळी चढउतार झाल्या, अक्षरं कलली. त्यांनी लिहिलं होतं, 'मी पडून होते. सूनबाईने मला उभी केली. रोज दोन वेळा, सहा वर्षं. एक दिवस सुट्टी घेतली नाही. हे मी माझ्या उजव्या हाताने लिहिते आहे.'

"आई, असली पत्रं चालत नाहीत तिथे," ती कसंबसं म्हणाली.

"नसेल चालत. मी चालते ना? जोड तू."

तिने जोडलं. वहीच्या नकला जोडल्या, डॉक्टरांचं पत्र जोडलं. अकरा आठवड्यांनी उत्तर आलं. घरातल्या माणसाची विनावेतन शुश्रूषा व्यावसायिक अनुभव म्हणून धरता येत नाही. कौशल्य मान्य नाही.

लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. त्याच्या टेबलावर माझ्यासारख्या शेकडो असतील आणि प्रत्येकीत त्याच चौकटी भरायच्या असतील. तिने कागद वाचला, घडी घातली, माझ्यात ठेवला आणि रबर लावलं. पुढच्या महिन्यात त्याला चाळीस पूर्ण झाली.

खरं वाईट झालं ते त्यानंतर. आईंनी व्यायाम सोडला.

"कशाला आता?" त्या म्हणायच्या. "माझ्यापायीच अडलात दोघं."

तिने समजावलं, रागावली, एकदा तर त्यांच्या पायाशी बसून रडली. आई नुसत्या तिच्या डोक्यावरून डावा हात फिरवायच्या. उजवा पुन्हा वळू लागला होता. मूठ आवळायची ती उघडायची नाही.

मग तो पुढे झाला. "मला शिकव," म्हणाला. कामावरून आला की आईच्या पलंगाशी बसायचा. पोलादाचा सांधा बिनचूक जुळवणारा तो माणूस, पण त्याला आईचं एक बोट सरळ करता येईना.

"जोर लावू नकोस," ती सांगायची. "वाट बघ. ते आपणहून सुटतं."

"तुझी आई आहे रे मी, पाईप नाही," आई म्हणायच्या, आणि तिघंही थोडं हसायची.

एकदा बोट धरून बसल्या बसल्या तो तिला म्हणाला, "त्या रविवारी मी जे बोललो..."

"आधी अंगठा नीट धर," ती म्हणाली.

त्या दिवसापासून वहीत त्याचं अक्षर दिसू लागलं. 'आज मूठ उघडली नाही.' 'आज उघडली नाही. आई राहू दे म्हणाली.' 'आज थोडी. कदाचित मला तसं वाटलं.' सात महिन्यांनी एका दुपारी दुसरा झटका आला आणि आई गेल्या. वहीत त्या तारखेला कुणीच काही लिहिलं नाही.

आता ती पुन्हा दवाखान्यात जाते. सल्लागारबाईंचा एकदा फोन आला होता. "वर्षभर काम झालं की तुमच्या नावाने अर्ज करता येईल, त्यात वय तुमचं धरतात," त्या म्हणाल्या. ती बघू म्हणाली. तोही बघू म्हणाला. घरात त्यानंतर तो विषय निघाला नाही आणि मला उचलून वर ठेवलं गेलं.

गेल्या महिन्यात त्याच्या निकालाची मुदत संपली. तीन वर्षांचीच असते. त्या संध्याकाळी तो कामावरून आला, हातपाय धुतले, दोघांचा चहा टाकला. ती आली, खुर्चीत बसली, मनगटं दुखतायत म्हणाली. तारीख कुणाच्या लक्षातही नव्हती. माझ्या होती, ती माझ्या पोटातच आहे ना.

मला आता कुणी खाली काढेलसं वाटत नाही. काढलंच, तर खुशाल रद्दीत द्या, माझी हरकत नाही. एवढंच करा, तिचा तो निकाल तिच्या नजरेला पडायच्या आत बाजूला काढा. एकदा वाचलाय तिने. पुरे झालं.