तळाशी मांडी घालून

पोहायला शिकायच्या आधी वहिनी बुडायला शिकली. बायकांच्या बॅचला शिकवणारी बाई कडक होती, गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळ्या तिला शिट्टीवालीच म्हणत. तिचं म्हणणं, तळाची भीती गेली की पोहणं आपोआप येतं. नव्या बायकांना ती उथळ बाजूला, शिडीचा खालचा दांडा धरून, पाण्याखाली मांडी घालून बसायला लावी. श्वास भरून घेतला की अंग भोपळ्यासारखं वर येतं. सोडून दिला की अलगद खाली. बाकीच्या बायका लवकरच हातपाय मारायला लागल्या. वहिनी मात्र तळाशीच रमली. तिथे कुकरची शिट्टी नाही, फोन नाही, "अगं ऐकलंस का" नाही.

त्या दिवशी ती छातीभर पाण्यात उभी राहून टोपीत केस कोंबत होती, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"अहो बाई, आमची वहिनी इथेच येते ना?"

नणंद! एका हातात चपला, दुसऱ्या हातात शेकायची रबरी पिशवी.

सासूबाई पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या वन्संकडेच होत्या. आता पाळी वहिनीची. पण परवाच वहिनीने फोनवर सांगितलं होतं, "वन्सं, कंबर धरलीये हो. उठता येत नाही की बसता येत नाही." कण्हणं इतकं झकास जमलं होतं की फोन ठेवल्यावरही तिने एकदोनदा उगीच कण्हून घेतलं.

कामाला ती भीत नव्हती. घरात पाच माणसं जेवायला वाढली तरी तिच्या कपाळावर आठी नसायची. पण सासूबाईंचं अंग पुसायचं, खालची चादर ओढून काढायची, तो वास, ती हाताला चिकटणारी सैल कातडी, हे तिला नको व्हायचं. हॉस्पिटलात एकदा पुसता पुसता तिने तोंड फिरवलं होतं, आणि सासूबाईंनी ते पाहिलं होतं. हे ती कुणाला सांगणार? त्यापेक्षा कंबर बरी.

टोपी आणि चष्मा चढवला की सगळ्याच बायका बेडकासारख्या दिसतात. वहिनी नुसती उभी राहिली असती तरी वन्संनी ओळखलं नसतं. पण चोराच्या मनात चांदणं. तिने श्वास सोडला आणि खाली जाऊन मांडी ठोकली.

वर वन्सं काठाकाठाने फिरत होत्या. पाण्यातून त्यांचे पाय दिसत होते, कधी लांब, कधी तुटके. जातील आता, वहिनीने मनाशी म्हटलं. पाय तिथेच. कानांत ठोके वाजायला लागले. पाय तिथेच. ती जरा वर आली, शिडीआड नाक काढून घोटभर हवा घेतली आणि परत खाली गेली. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा खाली गेली ती दांडा गच्च धरून, डोळे मिटून. लहान मूल डोळे मिटून लपतं ना, तशी.

मग पाण्यात धप्पकन काहीतरी पडलं. काखेत हात गेला आणि वहिनी वर खेचली गेली. टोपी निघाली, केस तोंडावर आले आणि समोर वन्सं.

"वहिनी! अगं बाई!"

"काकू, मरायचंय का?" शिट्टीवाली कपड्यांसकट भिजली होती. "खुणावतेय कधीची, वर या म्हणून!"

वहिनीला काठावर बसवलं, बायका भोवती जमल्या. वहिनीने ठसका लागल्याचं सोंग केलं आणि मग खरंच ठसका लागला.

"रागावू नका हो तिला," वन्सं म्हणाल्या. "कंबरेचं दुखणं आहे तिचं. पाण्यातच आखडली असेल."

असं म्हणून त्या ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या. त्यांचे गुडघे कसे आहेत, ते वहिनीला ठाऊक होतं. त्यांनी पिशवी वहिनीच्या पाठीला लावली आणि तळहाताने दाबून धरली.

"शेजारणीला आईपाशी बसवून आले. म्हटलं, तुला जरा शेकून द्यावं. तुझ्याच घरी पाणी तापवून घेतलं. दादा म्हणाला, तलावावर गेलीये. मला वाटलंच, डॉक्टरने पाण्यातला व्यायाम दिला असणार. खूप दुखतंय?"

वहिनीने तोंडावरचे ओले केस मागे सारले.

"आई राहू दे अजून माझ्याकडे. तू आधी बरी हो."

हेच तर तिला हवं होतं. न मागता पदरात पडलं होतं. नुसतं "बरं" म्हणायचं होतं. पाठीवर ऊब पसरत होती आणि वहिनीला वाटलं, यापेक्षा कुणी चाबकाने मारलं तर बरं.

"वन्सं, कंबर दुखत नाहीये."

"शेकल्यावर बरं वाटतंच गं."

"तसं नाही. दुखतच नव्हती. खोटं सांगितलं मी."

दाबणारा हात थांबला.

"मग?"

"त्यांचं अंग पुसायला मला... नको वाटतं."

बायकांना एकदम आपापल्या चष्म्यांचे पट्टे घट्ट करायची आठवण झाली. शिट्टीवाली पदार्थविज्ञानाचं पुस्तक वाचावं तसा समोरचा नियमांचा फलक वाचू लागली. वन्सं फरशीवर हात टेकून उठायला लागल्या. वहिनीने हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही.

"मला काय हौस आहे?" वन्सं हळूच म्हणाल्या. "माझी आई आहे, म्हणून नको वाटतं असं म्हणायचीही सोय नाही मला. पुसते, आणि मग मोरीत नळ सोडून रडते. मी फोन करून कण्हू म्हटलं, तर कुणाजवळ कण्हू?"

पिशवी तिथेच टाकून त्या चालू लागल्या.

वहिनी तशीच, निथळत, मागे धावली. "वन्सं, थांबा! मी येते. आत्ताच येते, आईंना आणायला."

"आधी केस पूस," वन्सं मागे न बघता म्हणाल्या. "सर्दी झाली, तर नवीन कारण मिळेल तुला."