वारा की पाणी

याकूब मिस्त्रीला कॉम्प्युटरबद्दल कधी कोणी काही विचारलं नव्हतं, आणि त्याचं त्यालाही काही वाटत नव्हतं. देवगड बंदरातल्या लाँचींची इंजिनं चाळीस वर्षं त्याच्या हाताखालून गेली होती. लांबून आवाज ऐकून कुठे काय अडलंय ते तो सांगायचा. पुढे गुडघ्यांनी दगा दिला तसं बंदरावर जाणं सुटलं, आणि जामसंड्याच्या घरात दिवसभर करायचं काय हा प्रश्न पडला. त्याची धाकटी मुलगी अलीजा माजघराशेजारच्या खोलीत कॉम्प्युटरवर काम करायची. कोल्हापूरचा एक आर्किटेक्ट तिला घरांचे नकाशे पाठवायचा, आणि ती त्यातून न बांधलेल्या घरांची अशी चित्रं काढायची की फोटोच वाटावेत. एकेका चित्राला मशीन तीन-तीन तास राबायचं. याकूब कधीमधी दाराशी उभा राहून बघायचा, आणि त्या घरांच्या खिडक्यांतून आलेलं ऊन बघून बिचकायचा.

मे महिन्यात ते मशीन मध्येच बंद पडायला लागलं. चित्र निम्म्यावर आलं की पडदा काळा. अलीजाने आकडे बघितले, तर प्रोसेसर सत्त्याण्णव डिग्रीवर जात होता. मशीनसोबत आलेला छोटा पंखा त्याला पुरत नव्हता, हे उघड होतं. अकरा चित्रं पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायची होती, आणि आर्किटेक्टने स्पष्ट सांगितलं होतं की उशीर झाला तर तो दुसऱ्या कोणाला तरी बघेल.

तिने चार ठिकाणी विचारलं आणि चार दिशांना चार उत्तरं मिळाली. पुण्याचा तिचा मावसभाऊ एजाज म्हणाला, प्रोसेसरवर हवेचा मोठा कूलर बसव, त्यात बिघडायला आहेच काय. कणकवलीचा दुकानदार कौस्तुभ म्हणाला, आपल्याकडची हवाच तापलेली, ती कसली थंड करणार, पाण्याचा घ्या. इंटरनेटवर एक जण पाण्याची शपथ घेत होता, तर दुसरा पाणी गळून जळालेल्या मशीनचे फोटो दाखवत होता. दोन दिवस वाचून वाचून अलीजाचं डोकं भणभणलं. मग ती वडिलांसमोर येऊन बसली.

"अब्बा, तू जन्मभर इंजिनांच थंड करत इलस मा? मगे ह्या पण तूच ठरव."

याकूबला आधी थट्टा वाटली. मग तिचा चेहरा बघून ती थट्टा नाही हे कळलं. आपल्याला त्यातलं काही कळत नाही असं तो म्हणाला खरा, पण रात्री जेवताना त्याने शमीमला, बायकोला, दोनदा सांगितलं की अलीजाने हे काम त्याच्यावर सोपवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो कणकवलीला गेला. वाटेत त्याचा विचार पक्का होत आला होता. पाणीच. लाँचीचं इंजिन समुद्राचं पाणी ओढून थंड होतं, मोटरसायकलचं वाऱ्यावर, आणि राबणारं इंजिन कुठलं ते काय सांगायला हवं?

कौस्तुभने दोन खोकी काउंटरवर ठेवली. हवेचा कूलर म्हणजे पत्र्यांची उभी चळत, मधून तांब्याच्या नळ्या आणि बाजूला पंखा. पाण्याचा कूलर म्हणजे एक चकती, तिला दोन रबरी नळ्या, आणि त्यांच्या टोकाला चपटा रेडिएटर. त्या रेडिएटरलाही दोन पंखे होते. याकूबने ते पंखे बोटाने फिरवून बघितले.

"म्हणजे पाणी पण शेवटी वाऱ्यानंच थंड होणार?"

कौस्तुभ म्हणाला, हो, पाणी उष्णता उचलून दुसरीकडे नेतं आणि तिथे पंखे ती बाहेर टाकतात. याकूबचा सकाळपासूनचा विचार तिथेच कोसळला. लाँचीत तापलेलं पाणी समुद्रात जातं, समुद्र कधी तापत नाही. इथे तेच मूठभर पाणी गोल गोल फिरणार. मग त्याने विचारलं, पाणी कमी झालं तर भरायचं कुठून. कौस्तुभ म्हणाला, भरायचं नाही, कंपनीने सीलबंद केलेलं असतं, पाच-सहा वर्षं चालतं, मग बदलायचं. आत पंप चालू आहे की बंद पडलाय हे कसं कळणार? तापलं की कळेल, चाचा.

हे याकूबला मुळीच आवडलं नाही. तापलं की कळेल, हे त्याने एकदा पुरतं अनुभवलं होतं. गुरुदास नावाच्या मालकाच्या लाँचीचा पंप अजून एक हंगाम काढेल, असं त्यानेच सांगितलं होतं, आणि पाच माणसं घेऊन ती लाँच भर समुद्रात इंजिन जाम होऊन एक दिवस, एक रात्र तरंगत राहिली. ओढून आणल्यावर पाणी ओढायच्या नळीच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी अडकलेली सापडली. सगळे म्हणाले, पिशवीने घात केला. पण पंपाचा रबरी पंखाही आत तुटलेला होता, आणि आधी काय झालं, पिशवी की पंखा, ते याकूबला आजवर कळलेलं नव्हतं.

तर मग हवाच. पण खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियमचे पत्रे दोन वर्षांत पांढरे पडतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्याने तसं म्हटलं, तर कौस्तुभने रेडिएटरचे पत्रे दाखवले. तेही ॲल्युमिनियमचेच. याकूब स्टुलावर बसला. त्याने अलीजाला फोन लावला, तर ती म्हणाली, तुला बरं वाटेल ते आण. आपल्याला काय बरं वाटतंय हेच तर त्याला कळत नव्हतं. एकची गाडी निघायची वेळ झाली. त्याने दोन्ही कूलर पुन्हा उजेडात धरले. हवेच्या कूलरमधून आरपार रस्ता दिसत होता. तेवढ्यावर त्याने तो घेतला, आणि गाडीत बसल्यावर हे काही कारण झालं का, असं स्वतःलाच विचारत राहिला.

संध्याकाळी बापलेकीने मशीन उघडलं. याकूबने जुना पंखा काढला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली होती ती पुसली, नवी लावली, आणि चारही स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळले. अलीजा बाजूला टॉर्च धरून उभी होती आणि त्याच्या बोटांकडे बघत होती. मग तिने मशीनच्या डब्याचं झाकण लावायला घेतलं, तर ते लागेना. कूलर बोटभर उंच होता.

याकूबला लाज वाटली. माप न घेता त्याने उभ्या आयुष्यात एक बोल्ट आणला नव्हता, आणि दुकानात पाणी की वारा करता करता उंची विचारायचं राहूनच गेलं होतं. तो म्हणाला, उद्या परत करून येतो. शमीम मागून म्हणाली, "नाय लागत तर नको लागांदे. पाली शिरतील तेवढा बघा." आणि तिने जुन्या मच्छरदाणीचा तुकडा कापून, कडा दुमडून, उघड्या बाजूवर चिकटपट्टीने लावून दिला.

मशीन चालू केलं. तासाभराने आकडा बहात्तरवर होता, दोन तासांनीही बहात्तर. पहिलं चित्र पुरं झालं. अलीजाने वडिलांचा हात धरला आणि पुढच्या चित्राला लागली.

याकूबला मात्र झोप येईना. थंड नक्की कशाने झालं? नव्या कूलरने, की डबा उघडा राहिला म्हणून? की नुसत्या ताज्या पेस्टने? तसं असेल तर कणकवलीला जायची गरजच नव्हती. सकाळी त्याने सुचवलं की एक दिवस जुना पंखा परत बसवू, झाकण उघडं ठेवू आणि आकडा बघू.

अलीजाने खुर्ची वळवली. "अब्बा, माका कारण नको. माका अकरा चित्रां होयी."

अकरा चित्रं गुरुवारीच गेली. आर्किटेक्टने लगेच पुढच्या सहा घरांचे नकाशे पाठवले. एजाजचा फोन आला, बघा, हवेचाच बरा म्हटलं होतं मी. कौस्तुभला कळलं तेव्हा तो म्हणाला, झाकण उघडं आहे म्हणून चालतंय चाचा, पाण्याचा घेतला असता तर बंद करता आलं असतं. दोघांचंही याकूबला पटलं, आणि दोघांनाही तो "असेल" म्हणाला.

रविवारी चहा घेताना अलीजाने सांगितलं की काम असंच येत राहिलं तर वर्षभरात दुसरं मशीन घ्यावं लागेल, आणि त्या मशीनचा कूलर पण अब्बानेच ठरवायचा. याकूबने कप खाली ठेवला. आपल्याला अजून काही कळलेलं नाही, हे त्याने तिला सरळ सांगून टाकलं.

"माका तरी खंय कळलाहा," ती म्हणाली, आणि दोघंही हसली.